‘मुद्दाम’ची जागा

आगबोट बंदराला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन वडील मांडीभर पाण्यात उतरले, तेव्हा बंदरावरचे दोघे-तिघे ती घ्यायला पुढे धावले. वडील गावचे मास्तर. त्यांना ओझं वाहताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी ट्रंक कुणाला दिली नाही. पडावात नीट ठेवली, माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाले, “लोकांत मिसळून राहा गो. वेगळी बसू नको.” आई वाळूतच उभी होती. तिला पाण्याची भीती. घाटावरच्या पाण्यानं केस गळतात, खोबरेल जपून वापर, असं ती तिथूनच ओरडून सांगत होती. वाऱ्यात तिचं अर्धंच ऐकू आलं, उरलेलं मी ओळखलं.

तुम्ही जे त्या वाळूत मागे राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखेच एक ट्रंक घेऊन घाट चढून इकडे आलात, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. गावाकडे समजूत अशी की शालिनी पिंपरीला गेली आणि सुखात पडली. सुखात पडले, खोटं नाही. पण इथल्या पहिल्या काही वर्षांची आठवण आली की अजून माझी मान आपोआप खाली जाते, आणि ती का जाते हे सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

यांचं नाव मी तेव्हा घेत नसे आणि आज लिहितानाही हात अडखळतो, म्हणून ‘हे’च म्हणते. लग्नानंतर मी गावी आणि हे मुंबईत, असं आमचं चाललं होतं. हे एका डच जहाज कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. येणाऱ्या मालाचे कागद डच भाषेत असत. पेटी, पिंप, लोणी, लोखंड, फुटलेलं, भिजलेलं, असे शब्द टाइप करून करून यांना ते पाठ झाले होते. पुढे पिंपरीला साबणाचा एक नवा कारखाना उभा राहायला लागला. त्याची यंत्रं हॉलंडहून आली आणि ती बसवायला तिकडचाच एक मेकॅनिक आला. त्याला इंग्रजी जेमतेम. तेव्हा दुभाष्या हवा म्हणून शोध सुरू झाला आणि कुणीतरी यांचं नाव सुचवलं.

“डच येतं का?” असं विचारलं. हे म्हणाले, “येतं.”

हे खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. यांना खरंच तसं वाटत होतं. यांना शब्द येत होते. वाक्य येत नव्हतं. पण शब्द येणाऱ्याला तो फरक लवकर कळत नाही.

आम्ही कासारवाडीला खोली घेतली. आज त्या रस्त्यानं गेलात तर एक दुकान संपून दुसरं कुठं सुरू होतं ते कळत नाही. तेव्हा स्टेशनातून बाहेर पडलं की ज्वारी लागायची, आणि ज्वारीच्या पलीकडे आमची घरमालकीण भागूमावशी हिचं घर दिसायचं. नवरा रुळांवर कामाला होता, तो वारलेला. एक मुलगा, सोपान. मावशीचं माहेर चाकणजवळ निघोजे. तिच्या बोलण्यात तिकडचा मोकळा हेल होता. माझं कोकणी बोलणं ऐकून ती पहिल्या दिवशी पदरानं तोंड झाकून हसली. “गानं म्हनतीस का बोलतीस गं?” म्हणाली. मग स्वतःच पाण्याचा हंडा आणून माझ्या दारात ठेवला. चूल एकच होती, पडवीत. तिच्या भाकऱ्या झाल्या की माझा भात. वडिलांनी सांगितलं होतं तसं वेगळं बसायची वेळच तिनं माझ्यावर येऊ दिली नाही.

सोपान विशीतला, अंगानं दणकट, बोलायला कमी. यांनी मॅनेजरसाहेबांकडे शब्द टाकला आणि त्याला कारखान्यात हेल्पर म्हणून घेतलं. मावशीनं त्या दिवशी आमच्या दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. “भाऊ, तुमच्यामुळं माझं पोरगं मशिनीवर गेलं,” असं ती ज्याला त्याला सांगायची. यांना ते आवडायचं. मलाही आवडायचं.

मेकॅनिकचं नाव यान. त्याची बायको कोरी. मी हे नाव सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, “कोरी? म्हंजी काय लिवलंच न्हाई का तिच्यावर?” ही कोरीबाई पिंपरीच्या बंगल्यात दिवसभर एकटी असायची. बाजाराला सोबत हवी म्हणून यांनी माझं नाव सांगितलं. पिंपरीच्या बाजारात सिंधी दुकानदार, ती डच, मी कोकणातली, आणि भाव करायचा हिंदीत. आम्ही दोघी घामाघूम होऊन, हसत परत यायचो. मग ती कॉफी करायची आणि आम्ही टेबलाशी बसायचो. बसून करायचं काय? ती एकेका वस्तूवर बोट ठेवून तिचं नाव सांगायची, मी मराठीत सांगायचे. पुढे नावं संपली आणि वाक्यं सुरू झाली. ती शिकवायची असं नाही. मी चुकले की तेच वाक्य नीट करून पुन्हा म्हणायची, आणि मी तिच्यामागून म्हणायचे.

त्यातून मला एक गोष्ट उमगली. ‘इक हेप खिस्तरन अन कन खकोख्त,’ म्हणजे मी काल एक बुधला आणला. इथे ‘काल’ आधी आणि बुधला नंतर, कारण बुधला नवा आहे, ऐकणारीला तो माहीत नाही. पण दोघींना माहीत असलेला बुधला असेल तर तो पुढे येतो आणि ‘काल’ मागे सरतो: ‘इक हेप द कन खिस्तरन खकोख्त.’ तो बुधला मी काल आणला. आपण मराठीत अगदी हेच करतो, फक्त करतो आहोत हे आपल्याला माहीत नसतं. मला त्या दिवशी फार आनंद झाला. घरी येऊन यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. “शब्द आले की पुरतं,” म्हणाले. “मागेपुढे झालं तरी माणसाला कळतं.”

मीही मग तो विषय सोडला. यांच्यापेक्षा मला जास्त येतं असं दिसायला नको, असंही कुठेतरी मनात असणार.

कारखाना चालू करून बघायचा होता तो दिवस आला. मोठ्या कढया होत्या, त्यांना वाफेनं तापवायचं. काटा लाल खुणेला टेकला की सोपाननं चाक फिरवून वाफेचा नळ बंद करायचा, असं त्याला दाखवून ठेवलं होतं. काटा टेकला. सोपाननं चाक दोन्ही हातांनी धरून फिरवलं, पण घाबरून उलट बाजूला. कढई उतू गेली, उकळता साबण जमिनीवर पसरला, पाइपाचा सांधा फुटला. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. यंत्र मात्र बंद पडलं.

संध्याकाळी हे घरी आले ते चपला न काढताच खाटेवर बसले. “सोपानला काढलं,” म्हणाले. मग मी काही विचारायच्या आधीच यांनी सगळं सांगितलं. मॅनेजरसाहेबांनी चौकशी केली. सोपान म्हणत होता, “साहेब, म्या फिरवला व्हता. म्या फिरवला व्हता.” साहेबांनी त्याला गप्प केलं आणि यांना म्हणाले, “याला नळ बंद करायला सांगितलं होतं ना? मग बंद का झाला नाही, विचारा त्यांना.” यांनी विचारलं. यान उत्तरला, “हेइ हेफ्त हेत नीत एक्सप्रेस खदान.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?” मी विचारलं.

“जे तो बोलला तेच. त्यानं ते मुद्दाम केलं नाही.”

“मग?”

“साहेब म्हणाले, म्हणजे नळ बंद करायचं त्यानं मुद्दाम टाळलं?”

“मग?”

“मी हो म्हटलं. तसंच म्हणतात, म्हटलं. एक्सप्रेस म्हणजे मुद्दाम. नीत म्हणजे नाही. खदान म्हणजे केलं. सगळे शब्द आहेत त्यात.”

पडवीत मावशी चुलीपाशी होती. तिला बातमी आधीच लागली होती. हे उठले, यांचे पाय वाजले तशी ती उठून दारात आली.

“भाऊ, तुमी तितंच व्हतात. गोरा साहेब काय म्हनला ओ माझ्या पोराबद्दल?”

यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “मशिनचा आवाज होता, मावशी. मला नीट ऐकू आलं नाही.”

मशिन तर बंद पडलं होतं. मावशीला ते सुचलं नाही, मला सुचलं. मी तांदूळ धुवायला घेतले.

कामात चुकलेल्या माणसाला दुसरीकडे काम मिळतं. मुद्दाम नुकसान करणाऱ्याला मिळत नाही. ‘मुद्दाम’ हा शब्द सोपानच्या आधी त्या पट्ट्यातल्या प्रत्येक गेटवर जाऊन पोचला. तो चिंचवडला जाऊन आला, खडकीला जाऊन आला. मग निघोज्याला मामाच्या शेतावर गेला. मोशीच्या एका घरातून त्याच्यासाठी मुलगी सांगून आली होती, सुपारी फुटायची राहिली होती. त्या लोकांनी निरोप धाडला की जाणूनबुजून मालकाची खोड काढणाऱ्याला आम्ही मुलगी देत नाही. मावशी तो निरोप मला सांगताना हसल्यासारखं करत होती. “माझा सोपान कुनाची खोड काढंल का गं? त्याला कुत्र्याला धोंडा मारवत न्हाई,” म्हणाली. आणि तिनं रोजच्यासारखं ताक माझ्या दारात ठेवलं. हे ते ताक पीत नसत. मी पीत असे, कारण फेकताना ती बघेल.

कोरीबाईकडे माझं जाणं चालूच होतं. एकदा कपाटावरून तिचा चिनी मातीचा बुधला काढताना माझ्या हातून निसटला आणि फुटला. तिच्या आईनं दिलेला होता. मी रडवेली झाले. मला म्हणायचं होतं, मी मुद्दाम केलं नाही. मी मराठी मनातलं तसंच्या तसं उचललं, आधी मुद्दाम, मग नाही, आणि म्हटलं, “इक हेप हेत एक्सप्रेस नीत खदान.”

कोरीबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तिला हसू आलं. “नाही नाही,” ती म्हणाली. “नीत एक्सप्रेस. नीत एक्सप्रेस खदान.” मला कळेना. तेव्हा तिनं खाणाखुणा करून दाखवलं. स्टोव्हवर दूध ठेवलेलं होतं. ती हाताची घडी घालून, हट्टानं मान फिरवून उभी राहिली, जणू दूध उतू जाताना दिसतंय आणि ती बघूनही उतरवत नाही. “एक्सप्रेस नीत,” म्हणाली. मग फुटक्या बुधल्याकडे बोट करून, हात पसरून, “नीत एक्सप्रेस.”

नीत ज्याच्या आधी बसेल ते नाकारलं जातं. ‘मुद्दाम’च्या आधी बसलं तर मुद्दामपणा नाही, ‘मुद्दाम’च्या नंतर बसलं तर काम नाही, आणि तेही जाणूनबुजून. आपल्या मराठीत ‘नाही’ मागेच येतं. ‘त्यानं मुद्दाम केलं नाही’ यातून दोन्ही अर्थ निघतात. कुठला ते बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळतं. आणि यांच्या आवाजात त्या दिवशी काही अर्थच नव्हता, कारण यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

मी तुकडे गोळा करायचे सोडून खाली बसले. कोरीबाईला वाटलं, हात कापला. मी तिला विचारलं, त्या दिवशी तुझा नवरा सोपानबद्दल काय म्हणाला होता? तिनं क्षणाचाही विचार केला नाही. “नीत एक्सप्रेस,” ती म्हणाली. यानला त्या मुलाचं फार वाईट वाटलं होतं. आपण त्याची बाजू घेतली तरी इथल्या साहेबांनी त्याला काढलं, इथले साहेब कठोर आहेत, असं तो घरी येऊन म्हणाला होता.

पिंपरीहून कासारवाडीपर्यंत मी चालत आले. येताना मनात एकच होतं, यांना सांगितलं की हे लगेच उठून जातील. चूक कुणाच्याही हातून होते. यांना कळलं नव्हतं, आता कळेल.

यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तू कोरीबाईला विचारलंस? माझ्या कामाबद्दल?”

“सोपानबद्दल विचारलं.”

“एकच झालं.” हे उठून खिडकीशी गेले. “मी आता जाऊन काय सांगू? मला डच येत नाही असं सांगू?”

“चुकलं असं सांगा.”

“चुकलं म्हटलं की लोक पुढचं विचारतात. अजून काय काय चुकवलंस, विचारतात.” मग आवाज उतरवून म्हणाले, “तेव्हा साहेबांनी विचारलं ना, तेव्हाच मला यानला पुन्हा विचारायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण सगळे उभे होते. दुभाष्या विचारतो म्हणजे काय?”

यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मला यांची कीव आली आणि लाजही वाटली. आणि नवऱ्याची लाज वाटते याची त्याहून मोठी लाज वाटली. माझ्या आईनं वडिलांबद्दल असं काही मनात आणलं असेल का, असं वाटत राहिलं. मी म्हटलं, “तुम्ही बघा कसं ते.” हे म्हणाले, “बघतो.”

हे बघणार नाहीत हे मला कळत होतं. तरी मी वाट पाहिली. रोज मावशीच्या शेजारी बसून चुलीत लाकडं सारली, तिची गाऱ्हाणी ऐकली, हूं हूं केलं. सोपान निघोज्याहून आला, पडवीत जेवला. “वैनी, मीठ द्या,” म्हणाला. मी मीठ दिलं. तो जेवून हात धुऊन परत निघाला तेव्हा मावशी त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, “येकाएकी म्हातारा दिसाया लागलाय न्हाई?” त्यानंतर मला बसवेना.

दुसऱ्या दिवशी कोरीबाईकडे गेले. यानही घरीच होता, जेवायला आलेला. परक्या माणसांपुढे, परक्या भाषेत, नवऱ्याविषयी तक्रार करायला मी उभी होते. डोक्यावरचा पदर सारखा सारखा पुढे ओढत होते. यानचं वाक्य साहेबांपर्यंत उलटं पोचलं, एवढं कसंबसं सांगितलं. यान खुर्चीतून उठला. रागानं त्याचा चेहरा लालभडक झाला. त्यानं काहीतरी भराभर विचारलं. कोरीबाईनं ते सावकाश करून सांगितलं: तुझ्या नवऱ्यानं हे जाणूनबुजून केलं का?

मी म्हटलं, “नीत एक्सप्रेस. हेइ हेफ्त हेत नीत एक्सप्रेस खदान.”

तिथे थांबता आलं असतं. पण यान माझ्याकडे बघत उभाच होता, आणि यांना कळूनही इतके दिवस गेले होते. मी म्हटलं, “मार हेइ हेफ्त हेत एक्सप्रेस नीत खझेख्त.” पण नंतर त्यांनी ते मुद्दाम सांगितलं नाही.

दोन्ही वाक्यं बरोबर आली होती. ती बरोबर आल्याचं कोरीबाईच्या चेहऱ्यावर दिसलं. आयुष्यात इतकं अचूक बोलल्याचं इतकं वाईट मला पुन्हा कधी वाटलं नाही.

पुढचं सगळं लवकर झालं. यान कोरीबाईला घेऊनच मॅनेजरसाहेबांकडे गेला, तिच्या मोडक्या इंग्रजीत सगळं उलगडलं. सोपानला कामावर परत यायचा निरोप गेला. साहेबांनी यांना सर्वांसमोर उभं करून बोलायला लावलं. काय बोलले ते मी विचारलं नाही. यांनीही फक्त एवढंच सांगितलं, की यांचं बोलणं होईपर्यंत सोपान जमिनीकडे बघत होता, जणू गुन्हा त्याचाच आहे. यांना काढलं नाही. दुभाष्याचं काम काढून स्टोअरमध्ये बसवलं. तिथे सामान द्यायचं आणि घ्यायचं, बोलायचं काही नाही.

हे माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. जेवायचे, निजायचे, सायकल पुसायचे. “भात वाढू?” विचारलं तर मान हलवायचे.

मावशी त्या संध्याकाळी चुलीपाशी आली नाही. मी तिच्या दाराशी गेले. ती अंधारल्या खोलीत धान्याच्या कणगीला टेकून बसली होती.

“शालन, तुला ठावं व्हतं?”

“हो, मावशी.”

“कवापास्नं?”

“आठ दिवस झाले असतील.”

“आठ दिस,” ती म्हणाली. “आठ दिस माझ्या चुलीवर भात शिजीवलास. माझ्या तोंडाकडं बघून हूं हूं केलंस. तुझ्या मालकाचं मला काय न्हाई बाई. त्यांना त्यांची नोकरी. तू तर माझ्याजवळ बसत व्हतीस.”

तिनं खोली सोडा असं एकदाही म्हटलं नाही. पाण्याचा हंडाही दारात येत राहिला. पण ती पडवीतून आत-बाहेर करताना माझ्याकडे बघेनाशी झाली, आणि ते सहन न होऊन आम्हीच निघालो. दिघीला, लष्कराच्या जागेच्या कडेला एक खोली मिळाली. तिथे कुणी ओळखीचं नव्हतं. हे एकदा म्हणाले, “गावी जाऊ या का?” महिन्याभरात माझ्याशी बोललेलं यांचं ते पहिलं सरळ वाक्य होतं. मी विचारलं, “गावी काय सांगायचं?” गावाकडच्यांनो, आम्ही पिंपरीत रुजलो असं तुम्ही म्हणता. खरं तर परत यायला तोंड नव्हतं म्हणून आम्ही राहिलो. रुजणं मागाहून झालं.

यंत्रं बसली, चालू झाली आणि यान आणि कोरीबाई हॉलंडला परत गेले. निघताना तिनं मला मिठी मारली. आमच्याकडे अशी पद्धत नव्हती, मी काठीसारखी उभी राहिले. त्यानंतर ती भाषा बोलायला माणूस उरलं नाही. यांच्यात मात्र एक फरक पडला. स्टोअरमध्ये कुणी काही मागितलं की हे आधी विचारायचे, “म्हणजे तुला नेमकं काय हवंय?” पोरं चेष्टा करायची. भाजीवाल्यालासुद्धा हे दोनदा विचारायचे. घरात मला विचारायचे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी पीठ मळत होते आणि मला रडू आलं.

सोपानचं मोशीचं लग्न काही परत जुळलं नाही. ती मुलगी दुसरीकडे दिली होती. त्याचं लग्न नंतर झालं, चिखलीची मुलगी. आम्हाला बोलावणं नव्हतं, आणि असावं अशी अपेक्षाही नव्हती. मग एका सकाळी तो सायकलवरून दिघीला आला. दारात एक पाय टेकवून उभा राहिला, उतरला नाही.

“भाऊ, पोरगी झाली. बारसं हाय.”

हे उठून उभे राहिले. “सोपान, मी तुला…”

“वैनी, आई म्हनली, लवकर या,” तो घाईघाईनं मला म्हणाला. यांचं वाक्य त्याला ऐकायचं नव्हतं. किंवा यांना ते बोलावं लागू नये असं त्याला वाटत होतं. मला अजून ठरवता येत नाही. तो सायकल वळवून गेला.

आम्ही गेलो. हे अंगणात पुरुषांच्या ओळीत कडेला बसले. मी आत शिरले नाही, उंबऱ्याशी उभी राहिले. बायकांनी घर भरलं होतं. दोघी-तिघींनी मला ओळखलं आणि एकमेकींकडे पाहिलं. मावशी आतून आली, पूर्वीपेक्षा वाकलेली. ती माझ्यासमोर उभी राहिली, माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या मनात किती वर्षं जुळवून ठेवलेली वाक्यं होती. त्यातलं एक ओठांवर यायच्या आधीच तिनं घुगऱ्यांचं पातेलं माझ्या हातात दिलं.

“वाट,” म्हणाली. “पयल्यांदा म्हाताऱ्या बायांना दे. पोरं वढतील, त्यांना देऊ नगंस अजून.”

मी वाटल्या. पातेलं रिकामं झालं तेव्हा तिनं ते घासायला सांगितलं, आणि मी परसात बसून ते घासलं. तिनं मला माफ केलं की नाही, हे मी तिला विचारलं नाही आणि ती गेली तोवर तिनंही सांगितलं नाही. पण प्रत्येक कार्याला सोपानचा निरोप येत गेला, आणि दर वेळी तिथे मला काहीतरी काम निघत गेलं. त्या घरात माझी लाज सगळ्यांना माहीत आहे. ती लपवावी लागत नाही म्हणून असेल, पण तिथे माझा श्वास मोकळा होतो.

गावी मी अजून जाते. माझा भाऊ आता एस.टी.च्या थांब्यावर घ्यायला येतो, भावजय पाय धुवायला पाणी देते. जेवायला पाट मांडतात, पंख्यानं वारा घालतात, मी ताट उचलायला गेले की हातातून काढून घेतात. “तू बस गो, दमून आलीस,” म्हणतात. सगळे प्रेमानं करतात. मी बसते. आणि बसल्या बसल्या मला कळतं की इथे मी पाहुणी झाले. आणि तिकडे कासारवाडीला आता कार्याची गडबड चालू असेल, सोपानची सून कुणाला तरी विचारत असेल, की शालनआजी अजून कशी आली नाही, एवढी भांडी कोण घासणार.